तिसरा पाय

मार्गशीर्षातली थंडी पडली की आमच्या बंगळुरात पावट्याचा वास सुटतो. आपण पावटा म्हणतो, इथले लोक अवरेकाई. चामराजपेटेत रस्त्याच्या कडेला शेंगांचे ढीग लागतात. एरवी कुणाकडे मान वर करून न बघणारी माणसं त्या ढिगांपाशी उकिडवी बसतात, एक शेंग उचलतात, नाकाशी नेतात आणि डोळे मिटतात. दव पडलेल्या त्या शेंगेला एक तेलकट, उग्र वास असतो. कन्नडात त्याला सोगडु म्हणतात. मराठीत त्याला वेगळा शब्द नाही आणि माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. एकदा हाताला लागला की तो लवकर जात नाही.

या दिवसांत इथल्या घरांत दुसरं काही शिजतच नाही. पावट्याचं सार, पावट्याचा उपमा, भाकरीत पावटे, चिवड्यात पावटे. पाहुणा मोठा असेल तर त्याच्यासाठी हितकबेळे. म्हणजे दाणे भिजत घालायचे आणि मग एकेक दाणा चिमटीत दाबायचा. साल बोटांत राहते, दाणा सुळकन ताटात पडतो. घमेलंभर दाणे दाबले की वाडगाभर बेळे निघतात. बायकांचा वेळ फुकटचा असतो असं ज्याने पहिल्यांदा ठरवलं, त्यानेच हा पदार्थ शोधून काढला असावा.

माझं आणि पावट्याचं बिनसलं त्याला आता पन्नासएक वर्षं होतील. घरच्यांना वाटतं, मला ते पचत नाहीत. वाटू दे. खरी गोष्ट अशी की तो वास आला की माझा उजवा पाय जागचा हलतो. अंगठ्याखालचा भाग दाबला जातो, टाच आपोआप थोडी बाहेर वळते आणि खाली काहीतरी शोधायला लागते. भाजी बाजारात उभी असले तरीही. खाली फरशी असते, नाहीतर चिखल.

तो शोध कशाचा, हे सांगायचं तर आमच्या गाडीपासून सुरुवात करायला हवी.

आम्ही मूळचे चिकोडीकडचे. बाबा इथल्या एका सरकारी कारखान्यात फोरमन, माझा थोरला भाऊ अण्णा तिथेच ड्राफ्ट्समन, आणि मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. साठ साल नुकतंच उलटलं होतं. चामराजपेटेत आम्ही भाड्याने राहत होतो. घरामागे पत्र्याची एक शेड होती, पूर्वी तिथे जटक्याचा, म्हणजे टांग्याचा, घोडा बांधत. कॉफीच्या मळ्यावरचा कुणी साहेब विलायतेला परत जाताना आपली दोन आसनांची जुनी गाडी मागे टाकून गेला. तिचं इंजिन कुणालाच सुरू करता येईना, म्हणून ती फिरत फिरत अण्णाच्या गळ्यात पडली. अण्णाने ती घोड्याच्या जागी बांधली.

गाडी हिरवी होती, म्हणजे हिरवी असावी असा अंदाज करता येत होता. इतकी बुटकी की आत बसलं तर शेजारून जाणाऱ्या गाढवाच्या डोळ्यांत डोळे घालून बघता येई. बाबांनी तिचं नाव ठेवलं तुडतुडी. शेजारच्या गौरक्का कंपाउंडवरून वाकून विचारायच्या, "इदु गाडीना, आटिकेना?" ही गाडी की खेळणं? अण्णा तेवढ्यापुरता रागावायचा. पण इंजिन लागलं आणि साऱ्या गल्लीची भांडी खणखणली, तेव्हा गौरक्कांनीच आतून हळद-कुंकू आणून तिच्या नाकाला लावलं.

शहराबाहेर लढाईच्या काळात बांधलेली एक धावपट्टी ओस पडली होती. संक्रांतीच्या आसपास तिथे मोटारींच्या शर्यती भरत. वळणासाठी गवताच्या पेंढ्या रचायच्या, कडेला दोऱ्या बांधायच्या, की झाली शर्यतीची वाट. आदल्या वर्षी अण्णाने तुडतुडी तिथे पळवली होती आणि लहान गाड्यांमध्ये चांगला वर आला होता. कारखान्यात महिनाभर त्याचं नाव होतं. मग पावसाळ्यात सायकल घसरून पडायचं निमित्त झालं आणि त्याचा उजवा घोटा मोडला. हाड सांधलं. तो चालू लागला, साधी गाडीही चालवू लागला. पण घोटा काही केल्या आडवा वळेना.

आणि शर्यतीत नेमका तोच लागतो. वळण आलं की गाडी हळू करायची, खालचा गिअर टाकायचा. पण तो टाकताना इंजिनाचा वेग क्षणभर वाढवून चाकांच्या वेगाशी जुळवावा लागतो. नाही जुळवला तर गाडी हिसका देते आणि मागची चाकं वाट सोडतात. आता डावा पाय क्लचवर गुंतलेला, उजवा ब्रेकवर. ॲक्सिलरेटरला तिसरा पाय कुठून आणायचा? तर तो उजव्यातूनच काढायचा. पुढच्या भागाने ब्रेक दाबलेला ठेवायचा आणि त्याच वेळी टाच वळवून ॲक्सिलरेटरला एक टोला द्यायचा. एका पायाची दोन कामं, आणि एकाचं दुसऱ्याला कळता कामा नये.

एका संध्याकाळी अण्णा शेडच्या दारात उभा राहून कितीतरी वेळ गाडीकडे बघत होता. मी शेंगा निवडायचं सूप घेऊन मागच्या पायरीवर बसले होते. तो म्हणाला, "कमे, सूप ठेव. बस बघू आत."

"कशाला?"

"माझा घोटा चालंना. तुझा चालतोय की."

आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ काही दिलं, पण इतकं मोठं काही इतक्या सहजपणे कुणी दिलं नाही. मी सूप ठेवलं. शेंगा तशाच राहिल्या आणि मी आईच्या शिव्या खाल्ल्या.

गाडी येणं आणि गाडी अंगाला बसणं, यात अंतर असतं. साहेब सहा फुटी होता, अण्णाही उंच. मी होते पाच फुटांची, पाऊल तर लहान मुलीचं. ब्रेक उंच, ॲक्सिलरेटर खोल आणि लांब. ब्रेक दाबून टाच वळवली तर ती अधांतरी. म्हणून अख्खा डिसेंबर आम्ही पेडलं लावण्यात घालवला. अण्णा पाठीवर पडून डोकं डॅशखाली घालायचा, मी वर बसून पाय हलवायचे. त्याच्या हातात पाना, तोंडात बॅटरी. "दाब. सोड. आता टाच. थांब." ब्रेकची दांडी एका नटावर लांब-आखूड व्हायची. नट थोडा जास्त फिरला की ब्रेक चाकाला चिकटून राहायचा आणि जळका वास यायचा. कमी फिरला की पेडल पुन्हा उंच. कधी पाव फेरा, कधी त्याहूनही कमी. खालून त्याचा आवाज यायचा, "लुगडं आवर गं, डोळ्यात जातंय."

लुगडं म्हणजे आईचं जुनं नऊवारी. पाचवारीत पाय मोकळे होत नाहीत आणि विजार घातली असती तर गौरक्का कंपाउंडवरून अलीकडे पडल्या असत्या. कासोटा घातला की झालं. कॉलेजात पाचवारी नेसणारी मी गाडीसाठी आजीच्या पिढीत जायची. मला त्याची फार मजा वाटे.

टाच नेमकी कुठे टेकते हे अण्णाला दिसायला हवं होतं. त्याने देवघरातली कुंकवाची वाटी आणली, कुंकू पाण्यात कालवलं आणि मला तळव्याला लावायला सांगितलं. मग पेडलांवर पाय दाबायचा आणि उमटलेल्या ठशावरून त्याने पेडलावर आणि दांडीच्या नटापाशी कुंकवाच्याच खुणा करायच्या. आई दिवा घेऊन बघायला आली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली. "लक्ष्मीची पावलं उंबऱ्यात उमटवतात रे. हे काय ब्रेकवर?"

अण्णा खालूनच म्हणाला, "लक्ष्मी गाडीतनं यायचीय यंदा."

तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो. आईसुद्धा.

ॲक्सिलरेटर उंच करायला काहीतरी हवं होतं. पत्र्याची पट्टी लावली, ती वाजे. रबर लावलं, ते घसरे. शेवटी स्वयंपाकघरातला फणसाच्या लाकडाचा एक पाट चिरला होता, त्याचा तुकडा अण्णाने कापून आणला, पाचरीसारखा तासला आणि स्क्रूने बसवला. कापल्यावर फणसाचं लाकूड आतून पिवळंधमक दिसतं. माझ्या टाचेच्या गोलाव्यासारखी त्याने त्याला किंचित खोलगट बाजू दिली. शर्यतीत अनवाणी चालणार नव्हतं, म्हणून कॅनव्हासचे बूट आणले आणि त्यांच्या तळव्याच्या जाडीइतका तुकडा पुन्हा घासला. ज्या दिवशी ते जमलं, त्या दिवशी मी ब्रेक पूर्ण दाबला, टाच वळवली आणि ती त्या लाकडावर अशी टेकली की जणू रोजच्या आपल्या पाटावर बसावं. अण्णाने खालून विचारलं, "पोचली?" मी म्हटलं, "पोचली."

सकाळी धुकं असताना आम्ही यशवंतपुराकडे जायचो. मालधक्क्यामागच्या रस्त्याला त्या वेळी बैलगाड्यांखेरीज काही नसे. पहिले कितीतरी दिवस गिअर कडाडायचा, गाडी हिसके द्यायची, अण्णा डॅशला डोकं आपटून घ्यायचा. मग एका सकाळी एका वळणावर ब्रेक, क्लच, टाचेचा टोला, आणि गिअर लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. काही आवाजच झाला नाही. आवाज झाला नाही, हेच ऐकू आलं. गाडी वळणातून अशी निघाली की मला रडू फुटलं. मी तशीच पुढे चालवत राहिले. अण्णाने माझ्या डोक्यावर टपली मारली. माझ्या आयुष्यातल्या सुखाच्या घटका कुणी मागितल्या तर लग्न, मुलं वगैरे सगळं नंतर येईल.

त्यानंतर एकदा धावपट्टीवर सराव झाला. पेंढ्या रचून झाल्या होत्या. अण्णा कारखान्यातून मागून आणलेलं स्टॉपवॉच घेऊन कडेला उभा राहिला. आदल्या वर्षी तो याच पेंढ्यांमधून, याच गाडीत फिरला होता. मी पूर्ण फेरी मारली. कुठेही गिअर कडाडला नाही, गवताची एक काडी हलली नाही. थांबले आणि ओरडून विचारलं, "किती?"

अण्णाने घड्याळाकडे पाहिलं. मग ते खिशात टाकलं. "ठीक आहे," म्हणाला. "वारा सुटलाय. चल घरी."

परतताना त्याने घड्याळ खिशातून काढलंच नाही. मला वाटलं, माझा वेळ वाईट असणार आणि माझं मन मोडू नये म्हणून तो सांगत नाही. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी डाव्या पायाने क्लच आणि उजव्याने ब्रेक दाबत होते.

त्याच्यानंतरच्या आठवड्यात आमच्या घरी मधुकर नावाचा एक पाहुणा यायला लागला. अण्णाच्या साहेबांचा पुतण्या, पुण्याचा, परदेशातून इंजिनिअर होऊन आलेला. उंच, देखणा, तोंडात इंग्रजी. गाड्यांचं वेड त्यालाही होतं. शेडमध्ये जाऊन तुडतुडीभोवती चार फेऱ्या मारून म्हणाला, "व्हॉट अ डार्लिंग!" मला त्याच्याबद्दल काही वाईट वाटलं नाही, उलट आपल्या गाडीला कुणी मान दिला म्हणून बरंच वाटलं. तो कशासाठी येतोय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी म्हणजे त्या सगळ्यांत नव्हते.

शर्यतीच्या आदल्या दिवशी आईने भलं मोठं घमेलं माझ्यापुढे ठेवलं. "संध्याकाळी मधुकर जेवायला येणारेत. हितकबेळे करूया."

"आई, उद्या माझी शर्यत आहे."

"म्हणून काय हात मोडलेत? बस की स्वल्प वेळ."

तो स्वल्प वेळ दुपारी सुरू झाला आणि दिवेलागणीपर्यंत संपला नाही. मी दाबत होते, दाणे सुळकन पडत होते, बोटांना तो वास चढत होता. मधुकर लवकरच आला आणि अण्णा त्याला घेऊन शेडकडे गेला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेड दिसत नसे, पण ऐकू सगळं येई. थोड्या वेळाने पान्याचा आवाज आला. नटावरून पाना घसरण्याचा तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. मग रंधा चालला, बराच वेळ. मग पुन्हा पाना.

हे मला सगळ्यांत जास्त लागतं म्हणून सांगते. तो आवाज ऐकून मी खूश झाले होते. मला वाटलं, केवढा जपतो हा माणूस! पाहुणा घरात असतानासुद्धा माझी पेडलं पुन्हा एकदा तपासून बघतोय. उद्या काही कमी पडू नये म्हणून. मी आईला म्हटलंसुद्धा, "ऐकलंस? अण्णा माझ्यासाठी मरतोय बघ तिकडे." आई चुलीकडे तोंड करून बसली होती. तिने फोडणी दिली, आणि मोहरीच्या तडतडीत तिला काही बोलावं लागलं नाही.

सकाळी उजाडायच्या सुमारास मी लुगडं नेसले, कासोटा घट्ट मारला, कॅनव्हासचे बूट घातले, केसांची वेणी वर बांधली आणि शेडमध्ये गेले. अजून कुणी उठलं नसेल असं वाटलं होतं. गाडीत बसले. ब्रेक दाबला. तो पुन्हा पहिल्यासारखा उंच होता. टाच वळवली. टाचेखाली काही नव्हतं.

मी पुन्हा दाबला. पुन्हा टाच वळवली. पुन्हा काही नाही.

वाकून पाहिलं तर माझा फणसाचा तुकडा होता, पण रंधून पार सपाट केलेला. खोलगटपणा गेला होता. खाली जमिनीवर पिवळा भुसा पडला होता. एवढं डोळ्यांनी दिसूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मला वाटलं, अण्णाने माझ्या बुटांचा अंदाज चुकवला. बिचारा, दिव्याच्या उजेडात केलंय, झाली चूक. मी पाना घेतला, लुगड्यासकट पाठीवर पडले आणि दांडीचा नट पूर्वीच्या खुणेवर आणायला लागले. कुंकवाची ती खूण अजून तिथेच होती.

अण्णाचे पाय दारात दिसले. एक सरळ, एक जरासा आखडलेला.

"काय करालीस, कमे?"

"पहिल्यासारखं झालंय सगळं. माझी टाच पोचंना."

त्याने जमिनीवरचा भुसा पायाने बाजूला सारला. मग म्हणाला, "राहू दे. बरोबर आहे ते."

"बरोबर कसलं? पोचत नाही म्हणते ना मी."

"मधुकरची पोचते," अण्णा म्हणाला.

मी डॅशखालून बाहेर आले तेव्हा आई मागे उभी होती. तिच्या हातात तिची अंजिरी साडी होती, इस्त्री केलेली. ती इस्त्री आदल्या दिवशीची होती. म्हणजे मी दाणे सोलत असताना ती कुणीतरी केली होती. "ते लुगडं काढ, कमळे," ती हळूच म्हणाली. "पाहुण्यांच्यात बरं दिसत नाही. ही नेस. एवढं चांगलं स्थळ आहे. अण्णा तुझ्याच भल्याचं बघतोय."

रागावून मी काय काय बोलले ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच की अण्णा भांडला नाही. मान खाली घालून ऐकत राहिला. तो भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या माणसाला निदान दुसऱ्या बाजूला कुणी आहे हे मान्य असतं.

दोरीमागे अंजिरी साडीत उभं राहून मी ती शर्यत पाहिली. तुडतुडी समोरून गेली की मी डोळे मिटायचे आणि वळणावर कान लावायचे. मधुकरला टाचेची विद्या येत नव्हती असं नाही, अर्धी येत होती. दर दुसऱ्या वळणाला गिअर कडाडायचा आणि माझ्या दाढा दुखायच्या. तरी तो तिसरा आला. टाळ्या वाजल्या. साहेबांनी अण्णाची पाठ थोपटली. मधुकर घामाघूम होऊन आमच्याकडे आला आणि म्हणाला, "पेडल्स काय सुंदर सेट केलीयत! ॲक्सिलरेटरवरचा तो लाकडी ब्लॉक कुणाचं डोकं?"

"माझंच," अण्णा म्हणाला.

मग मधुकर माझ्याकडे वळला. तो सभ्य माणूस होता, त्याने सभ्यपणेच विचारलं, "तुम्हाला आवड आहे का गाड्यांची?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णा हसून म्हणाला, "तिला कुठली? तिचं आपलं कॉलेज आणि पावटे. कालचे बेळे तिनेच सोलले होते."

"अरे वा," मधुकर म्हणाला. "फारच छान झाले होते."

ते स्थळ मी नाकारलं. घरात पंधरवडाभर सुतक असल्यासारखं होतं. पुढे मी फिजिक्स शिकवायला लागले, लग्नही केलं. माझ्या नवऱ्याला गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायची इच्छाही नव्हती, हा त्याचा मोठा गुण. गाडी आयुष्यभर मीच चालवली. साध्या कुटुंबाच्या गाड्या, ज्यांना कुणी शर्यतीला बोलावणार नाही अशा. तरी प्रत्येक नवी गाडी आली की आधी मी तिच्या पेडलांपाशी पाना घेऊन बसायची. मुलं म्हणायची, आईचं काहीतरी वेगळंच असतं.

तुडतुडी त्याच उन्हाळ्यात विकली गेली. कुणाला, ते मी विचारलं नाही.

अण्णाशी मी कायमचा अबोला धरला असं नाही. बहिणींना ते कुठे जमतं? भाऊबीज होत राहिली, बारशी झाली, बाबा गेले, आई गेली. आणि हळूहळू मीच त्याची वकिली करायला लागले. त्याच्या बाजूने मनाशी पुष्कळ बोलले. साहेबांनी गळ घातली असणार, नोकरी करणारा माणूस नाही कसा म्हणणार? पुतण्याला शर्यत हवी होती, द्यावी लागली. आणि बहिणीचं भलं व्हावं असं कुठल्या भावाला वाटत नाही? पद्धत चुकली, लपवायला नको होतं, पण मन वाईट नव्हतं. उलट किती जपायचा तो मला. त्याच्याकडून निघताना दर वेळी दारापर्यंत यायचा आणि म्हणायचा, "कमे, सावकाश चालव." इतकी वर्षं, एकदाही न चुकता. मी म्हणायची, एवढी काळजी सख्ख्या भावाशिवाय कोण करतं?

परवा त्याचा फोन आला. हल्ली तो इंदिरानगरात लेकाकडे असतो. "कमे, पावटे आणलेत. सोगडु काय सुटलाय म्हणून सांगू! दाबायला माणूस नाही. ये की."

मी गेले. म्हातारपणी माणूस रागही परवडेल तेवढाच ठेवतो. आम्ही दोघं बाल्कनीत एका ताटाच्या दोन बाजूंना बसलो. ऊन पाठीवर होतं. अण्णाची बोटं वाकडी झालीत, दाणे त्याच्या हातून निसटून लांब उडत होते आणि तो लहान मुलासारखा हसत होता. मला त्याची माया आली. म्हटलं, आता काय, पिकली पानं आहोत दोघंही. जुनी गोष्ट गंमत म्हणून विचारायला हरकत नाही.

"अण्णा, त्या वेळी धावपट्टीवर मी फेरी मारली आणि तू घड्याळ खिशात टाकलंस. आठवतं? किती आलं होतं रे? आता तरी सांग. फार वाईट होतं का?"

मला वाटलं, त्याला आठवणार नाही. त्याने एक दाणा दाबला. साल बाजूला ठेवली.

"माझ्या वेळेपेक्षा कमी," तो म्हणाला.

खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होतं. मी ती ऐकत राहिले.

"पण मग..." मी म्हटलं, "साहेबांनीच सांगितलं होतं ना तुला? मधुकरला गाडी दे म्हणून?"

"साहेबांना काय ठाऊक?" अण्णा म्हणाला. तो ताटाकडेच बघत होता. "मीच गेलो होतो त्यांच्याकडे. धावपट्टीवरनं आलो त्याच संध्याकाळी. म्हटलं, तुमच्या पुतण्याला चालवायची असली तर गाडी आहे."

"आणि स्थळ?"

"ते त्यांनी नंतर काढलं."

आणखी काही विचारण्यासारखं नव्हतं. वाडगा भरत आला होता. मी उठले, हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले. सूनबाई आतून म्हणाली, "आत्या, जेवून जा ना, हितकबेळे करतेय." मी म्हटलं, "मला पचत नाहीत गं." पर्स घेतली, किल्ली काढली.

अण्णा भिंत धरत धरत दारापर्यंत आला. नेहमीसारखाच.

"कमे," म्हणाला, "सावकाश चालव."

पन्नास वर्षं मी ह्याला माया म्हणत आले होते.